एका लाटण्याचं कर्जप्रकरण

सहकारी बँकेत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बावीस कर्ज खात्यात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आज जे लेथ फिरतायत, त्यांतल्या बऱ्याच लेथांच्या फायलींवर माझी सही आहे. प्रत्येक फायलीत स्थळपाहणीचा अहवाल असायचा आणि त्यात माझ्या अक्षरात एक ठरलेलं वाक्य असायचं : 'यंत्र जागेवर चालू स्थितीत आढळले.' त्या यंत्राचं डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं, हे मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं. मालक चहा सांगायचा, काहीतरी गरगर फिरत असायचं, जमिनीवर लोखंडाचा कीस पडलेला असायचा. मी 'आढळले' म्हणून लिहायचो आणि चपलेच्या तळव्यात रुतलेला कीस घरी येऊन काढायचो.

असल्या माणसानं स्वतःसाठी लेथ घ्यायचं ठरवलं, तर त्याला काय म्हणायचं? आमच्या खात्यात अशा प्रकरणाला 'जोखीम' म्हणत. घरी वेगळा शब्द वापरला गेला.

दोष सावंतवाडीचा. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी आम्ही दोघं आंबोली घाटातून तिकडं गेलो. राजवाड्यातल्या गंजिफा बघून झाल्या आणि ही लाकडी फळं घ्यायला चितारआळीत शिरली. तिथं एक कारागीर लेथवर बसला होता. त्यानं लाकडाचा एक ओबडधोबड तुकडा चढवला आणि मी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर लावेपर्यंत त्याचा भोवरा झाला. मग फिरत्या भोवऱ्याला त्यानं लाखेची कांडी नुसती टेकवली. घर्षणाच्या उष्णतेनं लाख विरघळली, लाल पट्टा उमटला, त्यावर केवड्याचं पान दाबून धरलं आणि पट्टा आरशासारखा चकाकू लागला. ना ब्रश, ना डबा, ना वाळायला वेळ. हिनं लाकडी आंबे, केळी आणि एक सीताफळ घेतलं. मी काहीच घेतलं नाही, पण परतताना आजरा येईपर्यंत बोललोही नाही. तेव्हाच तिला संशय आला.

"काय घ्यायचा विचार आहे?" तिनं विचारलं.

"लेथ."

"माळ्यावर हार्मोनियम आहे," ती म्हणाली. पुढं बोलली नाही. हार्मोनियमवर तिचं सगळं म्हणणं येऊन जातं.

माझी बाजू सांस्कृतिक होती. लाकूड फिरवून त्याला आकार देण्याला आपल्याकडं 'कातणं' म्हणतात आणि ते करणारा तो कातारी. कथा-कादंबऱ्यांत नायिकेचा चेहरा कातीव असतो, बांधा कातीव असतो. लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी काही कातलेलं बघितलंय देव जाणे. धंदा मात्र फार जुना. इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुजाऱ्याची कबर आहे, ख्रिस्तपूर्व ३००च्या आसपासची. तिच्या भिंतीवर लेथ कोरलेला आहे. एक माणूस पटाशी धरून बसलाय आणि दुसरा दोरी मागं-पुढं ओढून लाकूड फिरवतोय. मोटर यायच्या आधी बरेच कातारी असा एक दुसरा माणूस बाळगून असायचे, किंवा एका हातानं कमान ओढून दुसऱ्या हातानं आणि पायाच्या बोटांनी पटाशी धरायचे. हे मी हिला रंगवून सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "आणि आपल्यात दोरी कोण ओढणार?"

तरतूद ठरली पंचवीस हजार. एका मुदत ठेवीचं व्याज आलं होतं, तेवढंच. बँकेचा नियम असा की यंत्र घ्यायचं तर तीन कोटेशनं हवीत. ती गोळा करायला मी उद्यमनगरात गेलो. तिथले एक मिस्त्री माझे जुने कर्जदार. हप्ता कधी चुकवला नाही, म्हणून त्यांच्याबद्दल आदर. मी त्यांची मुदतवाढ एकदा अडवली होती, म्हणून थोडी भीती.

"लेथ घ्यावा म्हणतो," मी म्हणालो.

"किती फुटी?"

आमच्या अर्जात 'यंत्राचे वर्णन' असा रकाना असायचा. दुकानदाराच्या कोटेशनवर जे असेल ते त्यात उतरवायचं. हा प्रश्न स्वतःच्या तोंडानं सोडवायची वेळ कधी आली नव्हती.

"म्हंजे साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी? जॉब काय हाय तुमचा?"

"आता काही नाही. रिटायर झालो की. तुम्हाला माहीत आहे."

मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले. मागं एक पोरगं कानस मारत होतं, ते थांबलं आणि तोंड फिरवून हसायला लागलं. लेथवर जी वस्तू चढवायची तिला जॉब म्हणतात. बावीस वर्षं त्या गल्लीत जाऊन-येऊन मला हे ठाऊक नव्हतं, आणि ते मला ठाऊक नाही हे आता त्या पोरालाही कळलं.

"लाटणं," मी हळू आवाजात म्हणालो.

"लोखंडाचं?"

इतक्या सहजपणे विचारलं की कोल्हापुरात लोखंडाची लाटणीही होत असतील असं क्षणभर वाटलं. मग मी 'लाकूड' हा शब्द उच्चारला आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते एवढंच : "साहेब, लोखंडाच्या लेथला हत्यार मशीन धरतं. लाकडाच्या लेथला ते तुम्ही धरायचं. ह्यो फरक."

फरक खरोखर एवढाच आहे, पण सगळा पैसा त्यातच आहे. लोखंडाच्या लेथवर हत्यार घट्ट आवळलेलं असतं, चाकं फिरवून ते केसाकेसानं पुढं सरकतं. त्यासाठी दात्यांची चाकं, स्क्रू, घसरते भाग, हजार भानगडी. लाकडाच्या लेथला यातलं काही लागत नाही. एका टोकाला फिरणारं डोकं, म्हणजे हेडस्टॉक. दुसऱ्या टोकाला जॉबला टेकू देणारा टेलस्टॉक. खाली बेड, मधे पटाशी टेकवायला एक आडवी पट्टी. बाकी सगळं तुमच्या मनगटात. शिवाय लोखंडाचे मोठे लेथ थ्री-फेजवर चालतात आणि माझ्या घरात सिंगल फेज. थ्री-फेजचं कनेक्शन मागायला गेलो असतो तर तिथल्या अर्जातही 'प्रयोजन' असा रकाना असणारच, आणि त्यात लाटणं लिहावं लागलं असतं.

कोटेशनं शेवटी पुण्याच्या भाच्यानं पाठवली. आयटीत आहे, त्याला काही विचारलं की तो दुवे पाठवतो. "मामा, तुम्ही फक्त रेटिंग बघा," असं म्हणाला. पहिलं यंत्र बुटाच्या खोक्याएवढं होतं आणि मोबाईलच्या चार्जरसारख्या अडॅप्टरवर चालत होतं. त्यावर मणी होतात, फार तर पेन्सिलीचं टोपण. दुसरं चाळीस इंच लांब, दिसायला रुबाबदार, रंग लालभडक आणि किंमत माझ्या पंचवीस हजारांच्या आत. तिसरं आखूड, करडं, अनाकर्षक आणि किंमत जवळजवळ दुप्पट. कर्ज खात्यातल्या कुठल्याही माणसानं दुसऱ्यावर सही केली असती. मीही पेन काढलं होतं.

मिस्त्रींनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि लांबी बघितली नाही, रंग बघितला नाही. थेट शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "वजन बघा. ह्यो वीस किलो, ह्यो चाळीस. मोटर उद्या बदलता येती. वजन कसं बदलणार?"

लालभडक यंत्राचा बेड पोकळ नळ्यांचा होता. तिसऱ्याचा बिडाचा. बीड म्हणजे आपल्या घावनाच्या तव्याचं तेच. जड, ठिसूळ आणि थरथर गिळून टाकणारं. लाकडाचा तुकडा कधीच सगळीकडून सारख्या वजनाचा नसतो. एका बाजूला गाठ असते, एका बाजूला साल. तो मिनिटाला हजार वेळा फिरायला लागला की यंत्राला धक्के देतो. यंत्र जड असेल तर ते धक्के पोटात घालतं. हलकं असेल तर धक्क्यांबरोबर नाचतं. हे मला पटायला वेळ लागला नाही, कारण आमच्या पेठेतल्या एका वकीलसाहेबांनी तसलंच नळ्यांचं यंत्र घेतलं होतं. बघायला गेलो तर त्यांनी अभिमानानं बाभळीचं एक ओंडकं चढवलं आणि बटण दाबलं. लेथ टेबलावरून चालायला लागला. चालायला म्हणजे खरंच, टेबलाच्या कडेच्या दिशेनं, आपल्याला काही काम आहे अशा थाटात. आम्ही दोघं त्याच्या मागं. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्टँडवर वाळूची तीन पोती ठेवली आणि तेव्हापासून तो जागच्या जागी फक्त चिडतो. हलका लेथ घेतलाच असेल तर हाच उपाय आहे : बोल्टनं आवळा आणि वाळू लादा.

मापांचंही मी उलटंच समजत होतो. लेथला दोन मापं असतात. दोन टोकांमधलं अंतर, आणि स्विंग, म्हणजे बेडला न घासता केवढ्या व्यासाची वस्तू फिरेल ते. मला वाटायचं लांब यंत्र म्हणजे मोठं यंत्र. लाटणं केवढं असतं? तेरा-चौदा इंच. अठरा इंची लेथवर ते पाय पसरून झोपेल. चाळीस इंचांत करायचं काय? पलंगाचे पाय करायचे, पण आमचा पलंग बॉक्सचा आहे, त्याला पायच नाहीत. अडचण येते ती व्यासाची. हिनं 'करायचंच असेल तर पोळपाट करा' अशी सूचना केली होती, आणि आमचा पोळपाट मोजला तर साडेनऊ इंच भरला. दहा इंची स्विंगवर तो जेमतेम बसतो, कडेला बोटभरही जागा न सोडता.

आता वेगाची गोष्ट, जी मला कुठल्याच विक्रेत्यानं सांगितली नाही, कारण त्यांच्या जाहिरातीत मोठा आकडा ठळक असतो आणि छोटा आकडा शोधावा लागतो. जुन्या कारागिरांचा एक अंदाजाचा हिशेब आहे : वस्तूचा व्यास इंचांत घ्यायचा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं, उत्तर सहा हजार ते नऊ हजारांच्या दरम्यान यावं. दोन इंची लाटण्याला तीन हजार फेऱ्या चालतील. दहा इंची पोळपाटाला मात्र सहाशे ते नऊशेच. म्हणजे लेथ जास्तीत जास्त किती पळतो यापेक्षा कमीत कमी किती हळू चालतो हे आधी विचारायला हवं. ओबडधोबड लाकूड पहिल्यांदा चढवताना तर त्याहूनही हळू. ज्या यंत्राची सगळ्यात खालची पायरीच हजार-अकराशेची आहे, त्यावर पोळपाट चढवला तर तो पोळपाट राहत नाही, सुदर्शन चक्र होतं.

तीन कोटेशनांची अशी वासलात लागली. एक खेळणं, एक नाचणारं आणि एक ऐपतीबाहेरचं. अशा प्रकरणावर मी फाइलीत 'पुन्हा सादर करावे' असं लिहून वरच्या कप्प्यात ठेवत असे. आता वरच्या कप्प्यात मीच होतो.

दोन महिन्यांनी मिस्त्रींचा फोन आला. गंगावेशीकडं एका जुन्या कातकाम करणाऱ्याचं दुकान मोडीत निघालं होतं. तो पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, चौरंगाच्या खुराच्या जोड्या करायचा. प्लायवूडचे पलंग आले आणि पायांचा धंदा पायाखालून गेला. मुलगा मोबाईल दुरुस्त करतो, त्याला जागा हवी होती. दुकानाच्या कोपऱ्यात बिडाचा हेडस्टॉक आणि टेलस्टॉक दोन जाड लाकडी तुळ्यांवर बसवलेले होते. आपल्याकडं कातकामाचे लेथ असेच असायचे. डोकी विकत घ्यायची, बेड ज्याचा त्यानं करायचा. वर भुशाचा थर एवढा, की मी 'यंत्र जागेवर आढळले' असंही लिहू शकलो नसतो.

आयुष्यातली पहिली खरी स्थळपाहणी मी त्या दिवशी केली. मिस्त्रींनी मला कामाला लावलं. स्पिंडल, म्हणजे हेडस्टॉकमधला फिरणारा दांडा, दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवायला सांगितला : खडखडला तर बेअरिंग गेलं. खडखडला. "दोन बेअरिंगं, त्यात काय," मिस्त्री म्हणाले. स्पिंडल हातानं फिरवून त्याच्या टोकाकडं एक डोळा मिटून बघायला सांगितलं : टोक गोल वळसा घेत असेल तर स्पिंडल वाकलाय, तो आजार बरा होत नाही. टोक जागच्या जागी राहिलं. मग टेलस्टॉक सरकवत सरकवत हेडस्टॉकपाशी आणला. दोन टोकदार सेंटर एकमेकांसमोर आली, मधे कागदाएवढं अंतर, अगदी अंतरपाट धरल्यासारखं. टोकाला टोक भिडलं पाहिजे. आमच्यात टेलस्टॉकचं टोक थोडं खाली गेलं होतं.

"पत्रिका जुळत न्हाई," मी म्हणालो. मला वाटलं, व्यवहार संपला.

"तुळई कुजलीया खाली. डोक्यांत खोट न्हाई," मिस्त्री म्हणाले आणि तुळईत पेचकस खुपसून दाखवला, तो पेढ्यात घुसावा तसा घुसला. "आपण चॅनल टाकू लोखंडाचं."

आणखी एक परीक्षा बाकी होती. टेलस्टॉकच्या भोकात त्यांनी स्वतःच्या दुकानातलं एक निमुळतं सेंटर घालून ठोकलं. ते अचूक बसलं. मोर्स टेपर नंबर दोन. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत ठरलेला हा निमुळतेपणा आज गंगावेशीतल्या भंगारात सापडतो आणि नवीन बाजारातलं सेंटर त्यात सुखानं बसतं, याला मी चमत्कार म्हणतो. ज्या लेथची मापं जगावेगळी असतात, त्याला पुढं प्रत्येक वस्तू घडवून घ्यावी लागते. स्वस्त लेथ तिथंच महाग होतो. आमच्या स्पिंडलचे पुढचे आटे तसले जगावेगळे निघाले, ते पुढं येईलच.

मालकाला मी किंमत विचारली. तो म्हणाला, "वजनावर घ्या." लोखंड पंचावन्न किलो भरलं, नव्वद रुपये किलोनं चार हजार नऊशे पन्नास. पैसे दिल्यावर त्यानं खिशातून एक तेलकट फडकं काढून टेलस्टॉकचं चाक पुसलं, आणि मला म्हणाला, "पट्टा उजवीकडं ओढतोय. लक्ष ठेवा." पस्तीस वर्षांची नोंदवही एवढ्यात हातात दिली.

मोटरचा प्रश्न माझ्या घरातच सुटला, आणि तोच सगळ्यात नाजूक होता. आमच्या परसात एक घरघंटी होती. हौसेनं घेतलेली, एक हॉर्सपॉवरची. दळण जाडं येतं म्हणून हिनं ती दुसऱ्याच वर्षी बंद केली आणि पुन्हा कोपऱ्यावरच्या गिरणीत डबा पाठवायला सुरुवात केली. पाटीवर १४४० फेऱ्या लिहिलेल्या. मी परवानगी मागितली. ती म्हणाली, "म्हणजे माझी हार्मोनियम तुमच्या हार्मोनियमला जोडणार." मी ते होकारार्थी धरलं.

मिस्त्रींनी मोटरवर आणि स्पिंडलवर तीन पायऱ्यांच्या दोन पुल्या उलटसुलट बसवल्या. एकीवर दोन, तीन, चार इंच. दुसरीवर चार, तीन, दोन. कुठल्याही पायरीवर बेरीज सहाच, म्हणून पट्टा तोच चालतो. फेऱ्या मिळतात ७२०, १४४० आणि २८८०. हे मला इतकं आवडलं की मी कागदावर चार वेळा करून बघितलं. बँकेत इतका स्वच्छ ताळेबंद मी क्वचित पाहिला.

यंत्र न्हाणीघराशेजारच्या पडवीत उभं राहिलं आणि मला वाटलं खर्च संपला. खर्च तिथून सुरू होतो. लेथ स्वतः काहीच कापत नाही. गोल पटाशी, तिरकी पटाशी, तोडायची पटाशी, खरवडायची पटाशी. साध्या पोलादाच्या घेतल्या तर धार लावताना जरा तापल्या की निळ्या पडतात आणि पाणी उतरतं. म्हणून हाय स्पीड स्टीलच्या घेतल्या. धार तर सतत लावावी लागते. बाभळीवर दहा मिनिटं चाललं की पटाशी बोथट. म्हणून ग्राइंडर. लाकूड तोंडावर उडतं म्हणून पूर्ण चेहरा झाकणारी काच. मग चक. चार जबड्यांचा, देखणा, एका किल्लीनं चारही जबडे एकदम मिटणारा. साडेसात हजार. स्पिंडलचे आटे जगावेगळे असल्यामुळे त्याला सातशे रुपयांची एक मधली कडी घडवावी लागली. घरी आणल्यावर समजलं की लाटण्याला चक लागतच नाही. लाटणं दोन टोकांत धरूनच कातायचं असतं, आणि पोळपाटाला चाळीस रुपयांच्या स्क्रूंनी फेसप्लेटवर, म्हणजे स्पिंडलच्या टोकाच्या सपाट चकतीवर, बसवता येतं. चक अजून डब्यात आहे. ही मात्र एक गोष्ट मी कळकळीनं सांगतो : पहिल्या वर्षी चक घेऊ नका. त्या पैशात दुसरी गोल पटाशी घ्या.

पहिल्या दिवशी मिस्त्री स्वतः आले. माझा सैल बाह्यांचा झब्बा बघून त्यांनी यंत्राला हातच लावू दिला नाही. बनियनवर उभं केलं. हातमोजेही काढायला लावले, कारण फिरतं लाकूड मोज्याचा धागा पकडतं आणि मग बोट मागं सोडत नाही. सुरू करताना जॉबच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही. का ते पाचव्या मिनिटाला कळलं. मी तिरक्या पटाशीचं टोक जरा जास्त खुपसलं, 'धाड्' असा आवाज झाला, आंब्याचा तुकडा सेंटरमधून सुटला, पडवी ओलांडून अंगणात गेला आणि तुळशी वृंदावनाच्या कोपऱ्याचा टवका काढून थांबला. मिस्त्री एवढंच म्हणाले, "व्हतंय." ही आतून म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "यंत्र चालू स्थितीत आढळले."

आवाजानं पेठेत वेगळाच समज झाला. तिसऱ्या दिवशी समोरच्या वहिनी दीड किलो संकेश्वरी मिरची, धणे आणि खोबरं घेऊन दारात. "कांडप सुरू केलं म्हणं तुम्ही. किलोला काय घेता?" त्यांना नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. खरं सांगायचं तर हिचाही. कांडपाचा प्रस्ताव असता तर मी स्वतः मंजूर केला असता. चार महिन्यांत पैसे वसूल.

आता हिशेब, कारण तो मांडल्याशिवाय मला झोप लागत नाही. बिडाची डोकी ४,९५०. चॅनल, स्टँड, वेल्डिंग ४,२००. बेअरिंगं, पुल्या, पट्टा २,३००. स्विच आणि वायर ८५०. म्हणजे लेथ पडला १२,३०० रुपयांना. त्याच्या भोवतीचं : पटाश्या ६,४००, ग्राइंडर ३,२००, चेहऱ्याची काच ४५०, चक ७,५००, मधली कडी ७००. एकूण १८,२५०. लेथपेक्षा लेथचं गणगोत दीडपट. सगळं मिळून ३०,५५०. तरतूद पंचवीस हजारांची होती, म्हणजे ५,५५० ची उचल हिच्या भिशीतून झाली. तिनं जामीनदार मागितला. मी सावंतवाडीची लाकडी फळं तारण ठेवली. ती म्हणाली, ती आधीपासून माझीच आहेत. माझ्या नोकरीत हा प्रकार दोनदाच उघडकीला आला होता.

तेव्हा ज्याच्या खिशात पंचवीस हजार आहेत त्यानं दहा हजारांचा लेथ शोधावा, हे मी आता छातीठोकपणे म्हणू शकतो. पंचवीस हजारांचा शोधला तर घरी एक सुंदर यंत्र येतं आणि त्याच्यापुढं मोकळ्या हातानं उभं राहावं लागतं.

सुदैवानं लाकडाला पैसे लागत नाहीत. सुरुवातीला मी वखारीत जाऊन जळण किलोवर घेत असे आणि प्रत्येक फाटा उलटसुलट करून, ठोकून, वास घेऊन निवडत असे. वखारवाल्यानं दोनदा सहन केलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "काका, बंब पेटवायचाय की मुलगी बघायचीय?" त्यानंतर पावसाळा आला, रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या पडल्या आणि मी सायकलला करवत बांधून फिरायला लागलो. ओली फांदी लगेच कातून चालत नाही, वाळताना चिरते. दोन्ही टोकांना मेण चोपडायचं, सावलीत ठेवायची आणि इंचभर जाडीला साधारण वर्ष धरायचं. पलंगाखाली सध्या चिंच, बाभूळ, फणस आणि आंबा वाळत पडलाय. बॉक्सचा पलंग काढून पायांचा घ्यावा लागला. पाय जुन्या बाजारातून आणले, कातीव आहेत.

आतापर्यंत अकरा लाटणी झाली. एकेक दोन हजार सातशे सत्त्याहत्तर रुपयांना पडलं. पहिलं मधे जाड होतं, त्यावर पोळी कडेला फाटायची. ते विळीच्या खाली टेकू म्हणून आहे. दुसरं आणि तिसरं नातेवाइकांकडं गेलं. आठवं हिनं वापरायला घेतलं आणि तेव्हापासून जुनं काढलेलं नाही पण धुतलेलंही नाही. मिस्त्रींना नववं दिलं. त्यांनी ते कॅलिपर लावून मोजलं, दोन्ही टोकांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक काढला आणि पिशवीत घालून नेलं. भिशीचे ५,५५० अजून बाकी आहेत. हप्ता दरमहा पाचशे, आणि मागच्या महिन्याचा थकला आहे.

तरी कोल्हापूर आणि पंचक्रोशीतल्या वाचकांना विनंती. मनगटाएवढी बाभळीची, चिंचेची किंवा आंब्याची वाळकी फांदी पडली असेल तर बंबात घालू नका, आणून द्या. पाच फांद्यांमागं एक लाटणं परत मिळेल. सकाळी दहा ते बारा मी पडवीतच असतो; दुपारी शेजारी झोपतात. कण्हेर मात्र आणू नका. ती विषारी असते, आणि लाटणं पोळीला लागतं.